दक्षिण समुद्रातील तारू आणि आपली शिडे
(ज्युबिलीच्या समारंभात युसूफ वडगाव येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी बोलणाऱ्याने धर्मग्रामाचा पूर्वेतिहास सांगावा, उपकारकर्त्यांचे स्मरण करावे आणि आशीर्वाद मागून खाली बसावे, अशी रीत आहे. ते काम आज आमच्याहून जाणत्या मंडळींनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून आम्ही निराळा विषय घेतो. तो विषय समुद्र. आणि समुद्रातही दक्षिणेचा तो भाग, की ज्याच्या नावाने जुन्या काळी मोठमोठ्या खलाशांच्या उरात धडकी भरे.

आपण मनात म्हणाल, केज तालुक्यातील या गावात समुद्राची गोष्ट कशाला? समुद्र येथून शेकडो मैल दूर. आपणांस ठाऊक असलेले पाणी म्हणजे मांजरा नदी, धनेगावचे धरण आणि आपापल्या विहिरी. आणि तेही केव्हा पाठ फिरवील याचा नेम नाही. २०१६ सालच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण विसरला नसाल. अशा मुलखात समुद्राचे नाव काढण्यास आम्हांस दोन कारणे आहेत. एक हे, की ज्या पुरुषाने ख्रिस्ताचे चरित्र प्रथम आपल्या मराठी ओवीत गाइले, तो त्याच समुद्रातून आला. दुसरे हे, की दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्यातील कितीतरी कुटुंबे मुलाबाळांसह घर सोडून दूर जातात. त्यांचे तारू बैलगाडीचे असो वा ट्रकचे, प्रवास तो प्रवासच. समुद्रावर कुटुंबे कशी तरली आणि कशी बुडाली, हे समजून घेतल्यास त्यांना काही उपयोग होईल, असे आम्हांस वाटते.

प्रथम तो समुद्र कसा आहे ते पाहू. पृथ्वीच्या उत्तर भागात जमीन पुष्कळ आहे. परंतु दक्षिणेस चाळीस अंशांच्या पलीकडे गेले असता जवळजवळ सर्वत्र पाणीच पाणी आहे. तेथे पश्चिमेचा वारा पृथ्वीप्रदक्षिणा घालीत असतो आणि त्याला अडविणारा डोंगर नाही की किनारा नाही. खलाशांनी त्या पट्ट्याला ‘गर्जणारे चाळीस’ असे नाव दिले आहे. आफ्रिका खंडाचे टोक या पट्ट्याच्या थोडे अलीकडे, सुमारे पस्तिसाव्या अंशावर येते. त्याचे अगदी दक्षिणेकडील भूशिर म्हणजे आगुल्यास. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ सुया असा होतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने एक उष्ण पाण्याचा जोरदार प्रवाह खाली नैर्ऋत्येकडे वाहत येतो आणि समोरून त्या पश्चिमेच्या वाऱ्याने लोटलेल्या लाटा येतात. दोन बैल समोरासमोर येऊन शिंगे भिडवावीत तसे हे दोघे भिडतात. मग लाट आडवी पसरत नाही, भिंतीसारखी उभी राहते. आजच्या लोखंडी जहाजांनाही या ठिकाणी जपून जावे लागते. लाकडी तारवांची गोष्टच नको.

पोर्तुगालचा बार्तोलोमेव दियास हा १४८८ साली या टोकाला वळसा घालून गेला आणि वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात त्याच वाटेने कालिकतला पोहोचला. तेव्हापासून दरवर्षी लिस्बन बंदरातून हिंदुस्थानाकडे जहाजे निघू लागली. ती मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी निघत. याला कारण होते. ज्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आपल्याकडे मृगाचा पाऊस येतो, तोच वारा त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून गोव्यापर्यंत आणून सोडी. तो वारा सरण्यापूर्वी ते टोक मागे टाकले पाहिजे. पेरणीची वेळ चुकली म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष जाते, तद्वत् निघण्याची वेळ चुकली म्हणजे खलाशाचे वर्ष जाई, आणि पुष्कळदा प्राणही जाई.

आता आमच्या गोष्टीतील पहिल्या तारवाकडे येऊ. १५७९ सालच्या एप्रिलच्या ४ तारखेस लिस्बनहून पाच जहाजे गोव्यास निघाली. त्यांपैकी एकावर थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण होता. त्याने १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला होता, आणि त्याचे वय या वेळी तिशीच्या आसपास होते. हाच पुढे आपणां सर्वांना वंद्य असलेला ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर स्टीफन्स. ऑक्टोबरच्या २४ तारखेस तो गोव्यास उतरला आणि नोव्हेंबरच्या १० तारखेस, म्हणजे अवघ्या सतरा दिवसांनी, त्याने आपल्या वडिलांना प्रवासाची हकीकत कळविणारे एक लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र १५८९ साली इंग्लंडात छापले गेले आणि त्यामुळे आजही आपणांस वाचावयास मिळते. जे आम्ही आता सांगणार आहोत ते बहुतेक त्या पत्राच्या आधारे.

त्या जहाजांवर कोण होते? खलाशी आणि शिपाई होतेच; परंतु स्टीफन्स लिहितो, की मुलेही पुष्कळ होती आणि मोठ्या पुरुषांपेक्षा मुले समुद्र अधिक चांगला सोसतात. स्त्रियाही तो प्रवास नीट पार पाडतात, असेही तो त्याच वाक्यात जोडतो. बंधुभगिनींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे. इतिहासाची पुस्तके वाचली म्हणजे वाटते, की तो समुद्र केवळ कप्तान आणि तोफा यांनी भरला होता. प्रत्यक्षात त्या फळ्यांवर आया स्वयंपाक करीत होत्या आणि पोरे खेळत होती.

आफ्रिकेच्या गिनी नावाच्या किनाऱ्याजवळ वारा पडला. शिडे चिंध्यांसारखी लोंबू लागली, उष्मा असह्य झाला आणि जहाज दिवसेंदिवस जागचे हलेना. वादळाने माणूस घाबरतो, पण शांततेने तो कुजतो. तेथे पुष्कळ काळ वाया गेला आणि जुलैच्या अखेरीस जहाज एकदाचे त्या भयंकर टोकापाशी येऊन पोहोचले.

आणि येथे पाहा कसे घडले! वादळ नव्हते. फक्त लाटा मोठ्या होत्या. मार्ग दाखविणाऱ्या नाविकाला वाटले, वारा आपल्या मुठीत आहे. इतर जहाजे किनारा नजरेस पडणार नाही इतक्या दुरून जात. ठराविक खुणा पाहून, दोरीला शिसे बांधून तळ चाचपून, पुढे सरत. याने जहाज किनाऱ्याच्या जवळ घेतले. इतक्यात वारा फिरून दक्षिणेचा झाला आणि लाटांनी जहाजाला जमिनीकडे लोटीत नेले. आगुल्यासपासून सहा मैलांवर पाणी चौदा वावांहून कमी भरले. खाली सुरीसारखे धारदार खडक. नांगर टाकावा तर धरून राहीना. एकामागून एक नांगर गेले. किनारा असा, की उतरावयास जागा नाही. आता केवळ देव आणि शुद्ध अंतःकरण हाच आधार उरला, असे स्टीफन्स लिहितो.

तेव्हा त्यांनी काय केले? त्यांनी शिडे वर चढविली. ती सुटकेच्या आशेने चढविली नव्हती. जहाज फुटणारच आहे, तर निदान जरा बऱ्या जागी नेऊन किनाऱ्याला लावावे, एवढाच हेतू होता. आणि ज्या दिशेकडून मदत येईल असे कोणाच्याही ध्यानीमनी नव्हते, त्या जमिनीच्या बाजूने एकाएकी वारा सुटला. वर चढविलेली ती शिडे फुगली, आणि जहाज खोल पाण्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी गळ टाकून इतके मासे धरले, की सर्व जहाजाला तो दिवस आणि पुढचा काही वेळ पुरून उरले.

संकट मात्र संपले नव्हते. उशीर झाला होता. वेळेवर आलेली जहाजे मादागास्कर बेटाच्या आतल्या बाजूने जात आणि मोझांबिक बंदरात थांबून ताजे अन्नपाणी घेत. यांना ती सवड राहिली नाही. बेटाच्या बाहेरून, कोठेही न थांबता, सरळ गोवा गाठणे भाग पडले. मग तो रोग आला, ज्याने समुद्रावर वादळांपेक्षाही अधिक माणसे मारली आहेत. हिरड्या सुजतात, पाय सुजतात, अंग इतके जड होते की हातपाय हलवत नाही. जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस मेली. आणि इतर खेपांच्या मानाने ही हानी फारशी नाही, असे लोकांनी मानले! हा रोग कशाने होतो ते तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. १७४७ साली लिंड नावाच्या एका आरमारी वैद्याने आजारी खलाशांना संत्री व लिंबे देऊन पाहिली आणि त्यांना गुण आला. त्यातील नेमके सत्त्व कोणते ते कळावयास १९३० नंतरची वर्षे उजाडली. आपल्या परसातील लिंबू आणि रानातील आवळा यांत जे आहे, त्याच्या अभावी ती सत्तावीस माणसे समुद्रात सोडली गेली.

प्रवास सात महिन्यांच्या घरात गेला. खाण्यास काही उरले नाही. तेव्हा हजारो माशांचा एक थवा जहाजाबरोबर पोहत राहिला आणि पंधरा दिवस त्यांनी त्यावर गुजराण केली. मग दोन पक्षी हाती लागले. सर्वांना हर्ष झाला, की हिंदुस्थान जवळ आला. परंतु ते पक्षी अरबस्तानचे निघाले, आणि जहाज तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाजवळ होते! याचे कारण असे, की उत्तर-दक्षिण अंतर सूर्यावरून आणि ताऱ्यांवरून मोजता येई, पण पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. ते साधन, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारे घड्याळ, हॅरिसन नावाच्या कारागिराने १७६० च्या सुमारास सिद्ध केले. तोवर जो तो अंदाजाने चाले. अखेर खऱ्या खुणा दिसू लागल्या. प्रथम ओळखीचे पक्षी, मग पाण्यावर तरंगणाऱ्या माडाच्या झावळ्या, मग पोहणारे साप, आणि नाण्यासारखी वाटोळी, निसर्गानेच नक्षी उठविलेली एक वस्तू. शेवटच्या दोन खुणा दिसल्या, की दुसऱ्या दिवशी किनारा दिसतोच, असा अनुभव होता. आणि तसेच झाले. पाणी संपत आले असताना जमीन दिसली.

आता दुसरे तारू. ही गोष्ट सत्तावीस वर्षे आधीची आहे आणि दुःखाची आहे. मानुएल द सोझा सेपुल्वेदा हा पोर्तुगीज सरदार आपली पत्नी लेओनोर आणि लहान मुले यांना घेऊन १५५२ सालच्या फेब्रुवारीत कोचीनहून स्वदेशी निघाला. जहाजाचे नाव ‘साँ जोआँ’, म्हणजे संत योहान. मिरे भरण्याच्या नादात निघावयास उशीर झाला होता. ओझे मोठे होते. आणि शिडे जुनी होती. जी अंगावर होती तीच, बदलावयास दुसरी नव्हती. त्या टोकापाशी समोरून वादळ आले तेव्हा शिडे फाटली. खलाशी ती शिवीत बसले, तोवर जहाज लाटांच्या तडाख्यात सापडले, सुकाणूही गेले. जूनमध्ये ते आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्यावर फुटले.

सुमारे पाचशे माणसे किनाऱ्याला लागली. त्यांत बहुसंख्य गुलाम होते, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु देवाच्या वहीत ती असतील, यात आम्हांस संशय नाही. सर्वजण उत्तरेकडे पायी निघाले. आरंभी लेओनोरला डोलीत बसवून नेले. पुढे डोली उचलणारेच उरले नाहीत, तेव्हा ती माउली मुलांसह चालू लागली. भूक, तहान, वाटमारी. एके ठिकाणी त्यांनी आसऱ्याच्या आशेने आपली शस्त्रे देऊन टाकली आणि मग अंगावरची वस्त्रेही लुबाडली गेली. लेओनोरने वाळूत खड्डा करून कंबरेपर्यंत स्वतःला झाकून घेतले आणि ती तेथून उठलीच नाही. मानुएल फळे शोधण्यास गेला. परत येऊन पाहतो, तर प्रथम एक मूल, मग पत्नी आणि दुसरे मूल गेलेले. त्याने आपल्या हातांनी त्यांना वाळूत पुरले, आणि कोणाशी एक शब्द न बोलता तो रानात निघून गेला. तो पुन्हा दिसला नाही. पाचशेंतून पंचवीसच्या आसपास माणसे अखेर वाचली.

ही दोन तारवे एकमेकांशेजारी ठेवून विचार करा. एक तरले, एक बुडाले. ज्यावर भावी संत-पुरुष बसला होता ते देवाने तारले आणि दुसरे टाकून दिले, असे कोणी म्हणू लागल्यास आम्ही ते मान्य करणार नाही. लेओनोरच्या मुलांनी कोणते पाप केले होते? देवाचे प्रेम जहाज पाहून वाटले जात नाही. मनुष्याच्या बाजूने पाहिले तर चुका दोन्हीकडे आहेत. उशीर दोघांनाही झाला. एका जहाजाच्या वाटाड्याने तर गर्वाने किनारा जवळ केला. मग फरक कोठे पडला? फरक शिडांत पडला. स्टीफन्सच्या तारवाचे नांगर गेले, पण शिडे शाबूत होती आणि ती वर चढविलेली होती. म्हणून जमिनीवरून वारा सुटला तेव्हा तो वाया गेला नाही. ‘साँ जोआँ’वर मिऱ्यांना जागा होती, दुसऱ्या शिडांना नव्हती.

वारा देवाचा आहे, बंधुभगिनींनो. तो केव्हा आणि कोणीकडून सुटेल, हे ठरविणे आपल्या हाती नाही. शिडे मात्र आपली आहेत. ती शिवून ठेवणे, सुकी ठेवणे आणि अगदी निराशेच्या वेळीही वर चढविणे, हे काम देवाने आपल्यावर सोपविले आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण खरी. परंतु फाटके शीड घेऊन निघणाऱ्याने ती तोंडी घेऊ नये.

या गोष्टी जुन्या काळच्या झाल्या, असे म्हणून कोणी त्या बाजूस सारू नयेत. तोच समुद्र आजही तसाच आहे आणि आपली माणसे आजही शिडांवर त्यातून जातात. स्टीफन्स ज्या मांडवी नदीच्या काठी उतरला, तिच्या वरच्या प्रवाहाला म्हादई म्हणतात. जुन्या गोव्यासमोर त्याच नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तेथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे हे ती घेऊन १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले. चार बंदरे घेत, ते दक्षिण समुद्रातून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परत आले. एकट्याने शिडाच्या नौकेतून अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या साऱ्यामागे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची प्रेरणा होती. आणि ते निवृत्तीनंतर राहत होते कोठे? समुद्रकाठी नव्हे, तर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी, आपल्यासारख्याच कोरड्या माळावर! माळावरचा माणूस समुद्राचा विचार करू शकतो, याला आणखी प्रमाण नको.

दोंदे यांच्या मागून अभिलाष टॉमी गेले आणि २०१३ साली कोठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी करून आले. २०१८ च्या सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेस वादळाने त्यांच्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. हलता येईना. त्यांनी यंत्राने निरोप धाडला, आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. तेच गृहस्थ २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीस निघाले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. पुढे त्यांच्याच शिकवणुकीखाली आरमारातील दिलना आणि रूपा या दोन अधिकारी भगिनी तयार झाल्या. २ ऑक्टोबर २०२४ रोजी त्या ‘तारिणी’ या नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्यासच परत आल्या. ही नौकाही दिवाडी बेटावरच बांधलेली, लांबी अवघी छप्पन्न फूट. सुमारे आठ महिने त्या लहानशा घरकुलात दोघींनी एकमेकींची पहारा-पाळी सांभाळली. स्त्रिया तो समुद्र नीट पार करतात असे जे स्टीफन्सने १५७९ साली लिहिले, त्याला याहून उत्तम साक्ष कोणती? परंतु हेही पाहा, की त्या नुसत्या धैर्यावर गेल्या नाहीत. त्यांच्या मागे वर्षांची तयारी होती आणि मागे राहिलेल्यांशी रोजचा संबंध होता.

आता आपल्या तारवांकडे वळू. दिवाळी आली, की आपल्या भागातील नवराबायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला निघतो. मागे म्हातारी माणसे राहतात. पुढे साखर कारखान्याच्या आवारात कोपी, पहाटेचे दव, फडातले पाचट आणि रात्री-बेरात्री भरावयाची गाडी. पाडव्याच्या सुमारास परतणे. हा आपला दक्षिण समुद्र आहे. तो ओलांडू नका असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याच्या घरी पाणी नाही आणि काम नाही, त्याने काय करावे? श्रमाचा प्रवास लाजिरवाणा नाही. परंतु निघण्यापूर्वी शिडे तपासा, एवढे सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे.

पहिले, ओझे. मुकादमाकडून उचल घेताना ‘साँ जोआँ’वरची मिरे आठवा. लग्नाच्या थाटासाठी, देखाव्यासाठी घेतलेली प्रत्येक हजाराची उचल म्हणजे तारवात चढविलेले आणखी एक पोते. जेवढे सहा महिन्यांत फेडता येईल तेवढेच घ्या. आणि घेतलेले व फेडलेले, दोन्ही वहीत लिहून ठेवा. ज्याला लिहिता येत नाही त्याने मुलीकडून लिहून घ्यावे. तोंडचा हिशेब म्हणजे पूर्व-पश्चिम न मोजता चाललेले जहाज. आपण हिंदुस्थानात आहो असे वाटते आणि असतो सोकोत्राला.

दुसरे, आजार. ती सत्तावीस माणसे लिंबाअभावी गेली. आपल्या कोपीतही माणसे मोठ्या रोगाने पडत नाहीत. अशक्तपणाने, घाणेरड्या पाण्याने आणि दुखणे अंगावर काढल्याने पडतात. बाईचे दुखणे तर घरातील कोणासच दिसत नाही, कारण ती उभी असते. पतिराजांनी हे पाहावे. तिचा एक दिवसाचा खाडा म्हणजे नुकसान नव्हे. ती आडवी झाली म्हणजे शीड फाटले.

तिसरे आणि मुख्य, मुले. आम्ही आपणांस एक वाक्य लक्षात ठेवावयास सांगितले होते: मुले समुद्र अधिक चांगला सोसतात. ते खरे आहे. फडातही मुले सोसतात. थंडीत उसाच्या पाचटावर निजतात, धाकट्याला कडेवर घेऊन बसतात, आणि हसतातही. परंतु मूल सोसते, म्हणून त्याच्यावर सोसणे लादावे, हा न्याय कोणता? लेओनोरच्या मुलांनीही बरेच दिवस सोसले होते. मूल तक्रार करीत नाही याचा अर्थ त्याला काही होत नाही असा नाही. त्याची शाळा सहा महिने बुडते, पुढच्या वर्षी त्याला मागच्या बाकावर बसावयाची लाज वाटते, त्याच्या पुढच्या वर्षी ते शाळेत येत नाही, आणि एके दिवशी त्याच्या हातात कोयता येतो. तारू असे हळूहळू बुडते. आवाज होत नाही. अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना काढलेली आहे. ती आपल्या शाळेत चालू आहे किंवा नाही हे दसऱ्यापूर्वीच विचारा. नसल्यास चौघांनी मिळून मागा. आणि जी मंडळी गावातच राहणार आहेत, त्यांना आमचे विशेष सांगणे, की शेजाऱ्याचे मूल आपल्या चुलीवर जेवले तर आपले काही कमी होत नाही. ज्युबिलीनिमित्त देवळाला रंग दिला, फार चांगले केले. परंतु येत्या हंगामात आपल्यापैकी एकही मूल शाळेवाचून राहिले नाही, तर ती खरी ज्युबिली, असे आम्ही समजू.

शेवटचे, घरचा दोर. स्टीफन्स गोव्यास उतरला तेव्हा अंगात त्राण नसेल. तरीही सतरा दिवसांच्या आत त्याने वडिलांना पत्र लिहिले, आणि चार वर्षांनी पॅरिसमधील आपल्या भावालाही लिहिले. तो पुन्हा कधीही इंग्लंडास गेला नाही. चाळीस वर्षे साष्टीच्या गावांतून राबला, आपली भाषा शिकला, सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले, ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, आणि १६१९ साली तो येथेच मरण पावला. ज्याने देवासाठी घर सोडले, त्यानेही घराला विसरावे असे मानले नाही. आपल्या खिशात तर आज फोन आहे. फडावरून आठवड्यातून एकदा तरी म्हाताऱ्या आईबापांशी बोला. पैशांचे बोलणे राहू द्या, तब्येत विचारा. आणि वसतिगृहात मूल ठेवले असेल, तर रोज रात्री त्याला तुमचा आवाज ऐकू द्या. नांगर सुटले तरी हा दोर सुटता कामा नये.

संत पौलाचे जहाज वादळात सापडले तेव्हा त्यावर दोनशे शहात्तर माणसे होती, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. चौदा रात्री अन्नावाचून गेल्यावर पौलाने सर्वांना प्रथम काय सांगितले? खाऊन घ्या, बळ धरा. जहाज फुटले, परंतु माणूस एकही गेला नाही. कोणी पोहत, कोणी फळीवर, सर्वजण किनाऱ्याला लागले. आमची देवाजवळ हीच प्रार्थना आहे. आपली तारवे जुनी होतील, कधी फुटतीलही. परंतु पाडव्याला जेव्हा आपण या आवारात पुन्हा जमाल, तेव्हा मोजणीत एकही जीव कमी भरू नये, आणि मुलांच्या हातात पुस्तक असावे.

वारा तो देईल. आपण शिडे तयार ठेवू.